गोट्याच्या आईचा झोपाळा

पाळणाघरात कुठल्याच बाईला स्वतःचं नाव नसतं. फाटकातून आत पाऊल टाकलं की ती एक तर अमक्याची आई होते, नाहीतर तमकीची. हे नाव कुणी ठेवत नाही, ते आपसूक चिकटतं, आणि मग तेच पुरतं. त्यामुळे गोट्याच्या आईचं खरं नाव काय, हे चिऊच्या आईला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कधी अडलंही नव्हतं. गोट्याची आई म्हणजे उंच, दणकट, हसली की सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशी. घरचं छोटं वर्कशॉप आहे, फाटकं, जाळ्या, जिने असलं लोखंडाचं काम करतात, आणि नखांच्या कडेला कायम कुठला ना कुठला रंग. एवढी माहिती मैत्रीला पुष्कळ झाली. चिऊच्या आईला ऑफिसात उशीर झाला की चिऊला गोट्याशेजारी बसवून बिस्किटं भरवणारी, ‘अगं पळत येऊ नकोस, पाय मोडशील, मी आहे इथे’ असं फोनवर ओरडणारी, ती हीच.

गोट्याच्या आईलाही चिऊची आई ‘ऑफिसात जाते’ इतकंच माहीत होतं. आपण नगरपालिकेच्या खरेदी विभागात आहोत हे चिऊची आई होता होईतो कुणाला सांगतच नसे. सांगितलं की माणसं लगेच खुर्ची जवळ ओढतात. एकदा तर दातांच्या डॉक्टरने, तिच्या तोंडात दोन बोटं असताना, आपल्या भाच्याच्या कपाटांच्या कारखान्याचा विषय काढला होता. तिला धड ‘नाही’ही म्हणता येईना.

तर झालं असं की शहरातल्या बागांसाठी नवे झोपाळे घ्यायचं ठरलं. टेंडर निघालं, आणि टेंडर निघाल्या दिवसापासून खरेदी विभागात मौनकाळ सुरू झाला. म्हणजे काम कुणाला द्यायचं ते ठरेपर्यंत टेंडर भरणाऱ्याने विभागातल्या कुणाशीही त्या कामाबद्दल अवाक्षर बोलायचं नाही, आणि विभागातल्यांनी त्याच्याशी नाही. शंका असली तर ती एकट्या विभागप्रमुख बाईंना लेखी विचारायची. बाईंचं उत्तर सगळ्यांना एकाच वेळी जायचं. चुकून बोलणं झालंच तर ते बाईंच्या कानावर घालायचं, आणि ज्याच्याशी बोलणं झालं त्याचं टेंडर बाद.

“माझी बायको रुसली तरी इतकं कडक मौन पाळत नाही हो,” हेडक्लार्क म्हणायचा. “तिला निदान मीठ मागावं लागतं.”

झोपाळे तपासायच्या समितीत तिघं होते: उद्यान विभागाचे बागवाले साहेब, हिशेब विभागातले एक अबोल गृहस्थ, आणि चिऊची आई. तिला घ्यावं असं बाईंनीच सुचवलं होतं. “लहान मूल घरात असलेलं कुणीतरी हवं,” बाई म्हणाल्या होत्या. पहिल्याच बैठकीत टेंडर भरलेल्या तीन कंपन्यांची आणि त्यांच्या मालकांची नावं वाचून दाखवली, आणि यातल्या कुणाला आपण ओळखत नाही असं तिघांनीही सही करून दिलं. चिऊच्या आईने तर ती नावं पुन्हा पुन्हा वाचली होती. तिचा स्वभावच तसा. गॅस बंद केला का ते बघायला ती जिन्यावरून दोनदा परत जाणारी. तीनही नावं तिला अगदी परकी वाटली. शपथेवर सांगायची वेळ आली असती तरी तिने तेच सांगितलं असतं.

नमुने आले ते पालिकेच्या गोदामात. पत्र्याचं उंच छत, सिमेंटची जमीन, आणि मधोमध तीन झोपाळे एका ओळीत उभे. प्रत्येकाच्या मागे, पिवळ्या पट्टीच्या पलीकडे, त्या त्या कंपनीचं माणूस. त्यांनी तिथून हलायचं नाही, बोलायचं नाही. नमुना मोडला-बिडला तर उचलायला फक्त.

चिऊची आई पहिल्या झोपाळ्याशी गेली आणि तिने साखळीच्या कडीत करंगळी घातली. मग पुढच्या कडीत. मग त्याच्या पुढच्या.

“मॅडम, अंगठी हरवलीय का?” बागवाले साहेबांनी विचारलं.

“नाही हो. पोरांची बोटं अडकतात.”

पहिल्या झोपाळ्याच्या कड्या मोठ्या होत्या. तिची करंगळी अर्धी आत गेली. दुसऱ्याच्या जरा लहान, पण लहान मुलाचं बोट सहज जाईल अशा. तिसऱ्या झोपाळ्याशी ती पोचली आणि तिचं बोट हवेतच थांबलं. कडी कुठे दिसेचना. साखळी बसायच्या पाटापासून मोठ्या माणसाच्या खांद्यापर्यंत निळ्या, जाड, मऊ नळीत घातलेली होती. तिने दाबून पाहिलं. वर जिथे नळी संपते तिथे फट असेल म्हणून बोटाने चाचपलं. नळीचं टोक आत वळवून पक्कं बसवलं होतं. फट नव्हती.

“वा!” तिच्या तोंडून निघून गेलं, आणि हे कुणी केलं म्हणून तिने मान वर केली.

पिवळ्या पट्टीच्या पलीकडे गोट्याची आई उभी होती.

इस्त्रीचे कपडे, केस घट्ट बांधलेले, हातात फाइल. पण नखांच्या कडेला रंग होताच. निळा. चिऊच्या आईकडे पाहून तिचे ओठ क्षणभर हलले, जुन्या सवयीने, आणि मग तिने ते मिटले आणि नजर छताकडे नेली.

चिऊच्या आईने नळीवरचा हात काढून घेतला. कारण तिला ते बोट आठवलं.

त्याला फार दिवस झाले नव्हते. टेंडरं भरून झाली होती, नमुने यायचे होते. पाळणाघराच्या आवारातल्या जुन्या झोपाळ्यावर चिऊ बसली होती आणि चिऊची आई तिच्या चपला शोधत होती, तेवढ्यात किंकाळी आली. चिऊचं बोट साखळीच्या दोन कड्यांमध्ये चिमटलं होतं. चिऊची आई जागच्या जागी थिजली. ओढावं तर बोट जाईल, न ओढावं तर... गोट्याची आई धावली, चिऊला उचलून साखळीवरचा भार काढला, साबणाचं पाणी मागवलं, आणि कडी फिरवत फिरवत ते इवलंसं बोट सोडवलं. नख काळंनिळं झालं होतं. मग चिऊची आई जी रडायला लागली ती चिऊपेक्षा मोठ्याने. आणि रडता रडता, रागाने, त्या साखळीकडे हात करत ती बोलून गेली:

“थांब तू! बागांचे नवे झोपाळे घेतोय ना आम्ही आता, मीच आहे समितीत. उघड्या साखळीला मी पासच करणार नाही. एकेका कडीत बोट घालून बघणार आहे!”

 गोट्याच्या आईच्या हातात चिऊचं बोट तसंच होतं. एरवी अशा वेळी ती ‘अगं बाई, आता झोपाळ्यालाच फाशी देतेस का’ असं काहीतरी म्हणून हसवायची. त्या दिवशी ती बराच वेळ चिऊच्या नखाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, “बर्फ लाव घरी गेल्यावर.”

दुसऱ्या दिवसापासून ती फाटकाशी थांबेनाशी झाली. लवकर यायची, गोट्याला काखेत मारायची, मान हलवायची आणि जायची. चिऊच्या आईने तीन संध्याकाळी डोकं खाजवलं. आपलं काही चुकलं का? चिऊने गोट्याला चावलंबिवलं का? एकदा ‘अगं, रागावलीस का?’ असं विचारायला ती पुढेही झाली होती. गोट्याच्या आईने ‘घाई आहे गं’ म्हणून पाय उचलला. तेव्हा चिऊच्या आईच्या मनात पाल चुकचुकली होती. लोखंडाचं वर्कशॉप. झोपाळे. ते गप्प होणं. सगळं समोर होतं, फक्त एकाला एक जोडायचं होतं. तिने ते जोडलं नाही. जोडलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. ‘कामाचा ताण असेल बिचारीला’ असं स्वतःला सांगून तिने चिऊच्या चपलांचे बंद लावले होते.

आता गोदामात बागवाले साहेब त्या निळ्या नळीवरून हात फिरवत होते. “टेंडरमध्ये आपण नुसतं ‘मुलांना इजा होणार नाही असा’ म्हटलं होतं. या बाईंनी नेमकं डोकं लावलंय. काय मॅडम? तुमच्या मनातलंच ओळखलं की!”

“हो ना,” चिऊची आई म्हणाली. 

सुरक्षिततेचे गुण द्यायचे होते. बाकीच्या दोघांनी तिसऱ्या झोपाळ्याला पैकीच्या पैकी दिले. तिनेही दिले. खोटे कुठे होते? झोपाळा खरंच तितका चांगला होता. पण लिहिताना तिला कुणाच्या तरी पाकिटातून काही काढून घेतल्यासारखं वाटत होतं, आणि पाकीट नेमकं कुणाचं ते कळत नव्हतं. पहिल्या झोपाळ्यामागे एक म्हातारेसे गृहस्थ रुमालाने कपाळ पुसत उभे होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की इथे एक बाई एकेका कडीत बोट घालून बघणार आहे.

त्या संध्याकाळी घरी नवरा चिऊला वरणभात भरवत होता. चिऊ प्रत्येक घासाला पट्टी बांधलेलं बोट नाचवत ‘बाऊ’ म्हणून दाखवत होती. चिऊच्या आईने सगळं सांगितलं, उभ्यानेच.

“मग?” नवरा म्हणाला. “पाळणाघरात दोन आया बोलल्या. एक रडत होती, एकीच्या हातात साबण होता. याला कोण लबाडी म्हणेल?”

“नियम म्हणेल.”

“नियम आला होता का तिथे साबण घेऊन? अगं, तुला माहीत तरी होतं का ती कोण आहे?”

तिने चिऊच्या बोटावरची पट्टी नीट केली. तो प्रश्नच नको होता.

“हे बघ, सांगितलंस तर काय होईल? तिचं टेंडर बाद. बागेत कुठले झोपाळे येणार? बोट अडकणारे. मग सांगून भलं कुणाचं झालं? तुझं. तुला रात्री झोप लागेल, एवढंच.” त्याने चिऊच्या हनुवटीवरचा भात पुसला. “आणि उद्या तुला उशीर झाला तर चिऊला कोण सांभाळणार? तो नियम?”

“तसं बोलू नकोस.”

“मी खरं तेच बोलतोय. तू नसते फाटे फोडतेस, तुझी सवय आहे. गॅस बंद असतो गं. दर वेळी बंदच असतो.”

यावर तिला हसू यायला हवं होतं. ती आत जाऊन चिऊच्या कपड्यांच्या घड्या घालत बसली. नवऱ्याचं काहीच चूक नव्हतं, हेच वाईट होतं. सांगितलं तर जिने आपल्या लेकीचं बोट सोडवलं तिचाच गळा आवळायचा. नाही सांगितलं तर त्या रुमालवाल्या गृहस्थांच्या तोंडासमोरून काम उचलून मैत्रिणीला द्यायचं, आणि वर झोपाळा चांगला आहे म्हणून मान ताठ ठेवायची. घड्या घालताना एक झबलं तिने तीनदा उलगडलं.

सकाळी ती बाईंच्या खोलीत गेली तेव्हा बाई चष्मा पुसत होत्या. वीस वर्षं खरेदीत काढलेली बाई. त्यांच्या टेबलावर फुलदाणीसुद्धा स्वतःच्या घरून आणलेली.

“बाई, एक बोलायचं होतं. झोपाळ्यांचं.”

“दार लावा,” बाई म्हणाल्या.

तिने सांगितलं. रडणं, साबण, आपलं वाक्य जसंच्या तसं. नंतर तिच्या मनात जी शंका आली होती आणि जी तिने दाबून टाकली, तीसुद्धा सांगितली. तो भाग सांगताना बाईंना दोनदा ‘काय?’ म्हणावं लागलं.

“दुसरं कुणी होतं तिथे?”

“मुलं होती. आणि पाळणाघरवाल्या मावशी, पण त्या आत.”

“म्हणजे तुम्ही आला नसतात तर मला कळलं नसतं.”

“नाही.”

बाईंनी चष्मा घातला आणि तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता; असता तर बरं झालं असतं. “मला कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला या घडीला वाटतंय, ते खोटं कशाला सांगू. नळी उत्तम आहे. पण आता मी ऐकलंय. ऐकलं नाही असं करता येत नाही.”

“बाई, चूक माझी आहे. तिने काही विचारलं नव्हतं. मीच बोलले.”

“हो. आणि बाद ती होईल. नियम तसाच आहे, बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला महाग पडतो. तुम्ही समितीतून बाहेर. तुमचं पुढे काय ते वरचे ठरवतील, बहुतेक लेखी समज मिळेल. तुमचे गुण यात धरले गेलेत, म्हणून हे टेंडर रद्द करून नव्याने काढावं लागेल.” बाईंनी पेन उचललं. “आणि नव्या टेंडरमध्ये साखळी झाकलेली हवी असं मी स्पष्ट लिहिणार आहे. सगळ्यांसाठी.”

“मग तिला नव्याने भरता येईल?”

“या कामासाठी नाही.”

चिऊच्या आईला ते समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तिने खुर्चीचा हात धरला. म्हणजे शहरातल्या प्रत्येक बागेत गोट्याच्या आईची निळी नळी येणार. लावणार दुसरंच कुणी. ती शोधून काढणारी एकटी दाराबाहेर.

“तुम्ही चांगलं केलंत असं मी म्हणणार नाही,” बाई म्हणाल्या. “म्हटलं तर तुम्हाला आवडेल, म्हणून नाही म्हणत. जा, कामाला लागा.”

त्यानंतरचे काही दिवस गोट्याची आई पाळणाघरात दिसलीच नाही. गोट्याला न्यायला त्याचे आजोबा यायचे. चिऊची आई रोज फाटकापाशी आली की आधी आत डोकवायची. ती नसली की हायसं वाटायचं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटायची. काय बोलायचं ते तिने भांडी घासताना, जिना चढताना, चिऊला झोपवताना शंभरदा ठरवलं. प्रत्येक वेळी ते वाक्य ‘मला सांगावंच लागलं’पर्यंत यायचं आणि तिथे मोडून पडायचं.

मग एका संध्याकाळी ती फाटकातून आत आली तर आवारातल्या जुन्या झोपाळ्याशी गोट्याची आई गुडघ्यावर बसलेली. हातात पक्कड. शेजारी निळ्या नळीचं भेंडोळं. एका बाजूची साखळी झाकून झाली होती, दुसऱ्या बाजूचं शेवटचं टोक ती आत वळवत होती. गोट्या आणि चिऊ तिच्या दोन खांद्यांवरून वाकून बघत होते.

चिऊची आई फाटकापाशीच थांबली.

“ये,” गोट्याची आई मान न वळवता म्हणाली. “आता आपल्याला बोलायला हरकत नाही. मी कुणीच नाहीये आता तुमच्या टेंडरातली.”

“अगं, मी...”

“मला पत्र आलं. वाचलं मी.” तिने पक्कड जमिनीवर ठेवली. “चार रात्री तुला शिव्या घातल्या. गोट्याच्या बाबांनी तर तुझ्या सात पिढ्या धुतल्या. मग मी त्यांना म्हटलं, अहो, तिने बोलायला नको होतं हे खरं, पण मीही त्या क्षणी म्हणायला हवं होतं ना, की बाई गं, माझ्यासमोर बोलू नकोस, मी टेंडर भरलंय. का नाही म्हटलं मी? माहितीये का?”

चिऊच्या आईने मान हलवली. नाही.

“कारण तुझं वाक्य कानावर पडलं आणि माझ्या डोक्यात तेव्हाच नळी तयार झाली. तुझ्या लेकीचं बोट हातात असताना! मी बर्फाचं बोलत होते आणि मनात नळीची जाडी मोजत होते.” ती हसली, पण आवाराला ऐकू जाईल असं नाही. “नंतर तुझ्याशी बोलणं बंद केलं म्हणजे आपण नियमाने वागतोय, असं स्वतःला सांगत होते. एकदा ऐकलेलं कसं विसरू गं मी?”

“मला कळलं होतं,” चिऊची आई म्हणाली. इतक्या दिवसांत ठरवलेलं यातलं एकही वाक्य नव्हतं. “म्हणजे पक्कं नाही. पण तू गप्प झालीस तेव्हाच मनात आलं होतं. तेव्हाच तुला गाठून विचारलं असतं, तर तू नमुना न आणताच मागे सरली असतीस. निदान गोदामात सगळ्यांसमोर उभी राहून नंतर बाद झाली नसतीस. मी विचारलं नाही.”

गोट्याच्या आईने पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. बराच वेळ. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी येऊन गेलं. राग असेल, किंवा राग टिकवायचा कंटाळा.

“हे मला नसतं सांगितलंस तरी चाललं असतं,” ती म्हणाली.

“हो.”

“तुला ना, सांगायची खोडच आहे.” ती उठली, गुडघे झटकले, गोट्याला काखेत घेतलं. “नमुन्यातली नळी उरली होती. टाकून द्यायला जीव होईना. पोरांसाठी लावली हं, तुझ्यासाठी नाही.”

“माहितीये.”

फाटकाशी जाऊन ती थांबली. पाठमोरीच म्हणाली, “आणि हे बघ, उद्यापासून उशीर होणार असेल तर मावशींना फोन करत जा. मला नको.”

तिने ते चिडून म्हटलं असतं तर पोळलं असतं. तिने ते अगदी साध्या आवाजात म्हटलं, दूधवाल्याला उद्या दूध नको म्हणून सांगावं तसं. फाटक लागलं. पलीकडून गोट्याचा ‘चिऊ टाटा’ असा ओरडा आला आणि चिऊने पट्टीचं बोट हलवलं.

“आई, झोका,” चिऊ म्हणाली.

चिऊच्या आईने तिला पाटावर बसवलं. चिऊने दोन्ही मुठींनी निळी नळी पकडली. झोका द्यायच्या आधी चिऊची आई वाकली आणि खालपासून वरपर्यंत नळी चाचपत गेली, एका बाजूची, मग दुसऱ्या बाजूची. पुन्हा पहिल्या बाजूची. कुठेच फट नव्हती. तरी तिचं बोट फिरतच राहिलं, आणि चिऊ खालून ‘दे ना, दे ना’ म्हणत पाय हलवत होती.